अडगळीचा पुढचा मुक्काम

आमच्या वसाहतीने नको असलेल्या घरगुती वस्तू गोळा करण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा सूचनाफलकावरचा कागद जेमतेम तीन ओळींचा होता. रविवारी सकाळी मैदानाच्या कोपऱ्यात जुने सामान आणून ठेवावे, दुपारी गाडी येऊन ते घेऊन जाईल, एवढाच मजकूर. लोकांनी तो अगदी मनावर घेतला. गाडी आली, काठोकाठ भरली आणि निघून गेली, तेव्हा ढिगाचा अर्ध्याहून अधिक भाग तिथेच होता. ढीग दिसतो आहे म्हटल्यावर रात्री कोणीतरी त्यात आणखी दोन गाद्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, गाद्यांनी पाणी शोषले आणि एरवी एका माणसाने ओढत नेली असती ती गादी चौघांना उचलेना. कपाटांचा भुशाचा प्लाय फुगून त्याचा लगदा झाला. पाचव्या दिवशी मैदान मोकळे झाले, ते वर्गणी काढून आणि अनेकांची बोलणी खाऊन. चाळीसेक घरांत विभागलेली अडगळ एका ठिकाणी आणण्यापलीकडे आमच्या हातून काही झाले नव्हते.

पुढच्या वर्षी हे काम माझ्याकडे आले. आदल्या वर्षी सर्वांत जास्त तक्रारी मी केल्या होत्या, हे त्याचे प्रमुख कारण असावे. मी एकच अट घातली, की कामाचा क्रम उलटा लावायचा. वस्तू गोळा झाल्यावर त्यांचे काय करायचे याचा विचार करण्याऐवजी, कोणती वस्तू शेवटी कोणाच्या दारात जाणार हे आधी नक्की करायचे आणि ज्या वस्तूला असे दार सापडणार नाही ती त्या दिवशी स्वीकारायचीच नाही. त्यासाठी एक जाडजूड नोंदवही घेतली आणि तिच्या प्रत्येक पानावर वस्तू, घर, नग आणि ‘पुढचा मुक्काम’ असे चार रकाने आखले. चौथा रकाना भरल्याखेरीज नोंद पुरी समजायची नाही, असे ठरवले.

हे दार शोधण्यात तीन आठवडे गेले. स्वच्छता विभाग मोठे सामान नेण्यास तयार होता, परंतु विजेची उपकरणे, बॅटऱ्या आणि रसायने त्यात नकोत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. भंगाराचा व्यवसाय करणारे गृहस्थ लोखंड, ॲल्युमिनियम आणि तांबे आनंदाने नेणार होते. लाकूड व फोम त्यांना नको होता. ई-कचऱ्याचा परवाना असलेल्या एका केंद्राने ठरावीक वजनाच्या वर माल असेल तर स्वतःची गाडी पाठवू, असे कळवले. घातक कचरा घेणारे केंद्र दूर होते आणि ते महिन्यातून एकच दिवस उघडत असे. जुन्या पण वापरण्याजोग्या वस्तू गरजूंना देणाऱ्या एका संस्थेने मात्र आधी छायाचित्रे मागितली. त्यांचे म्हणणे मला पटले, कारण दानाच्या नावाखाली लोक कचरा पाठवतात आणि तो फेकण्याचा खर्च संस्थेच्या माथी येतो. या पाचही ठिकाणी मला विचारलेला पहिला प्रश्न सारखाच होता: ‘माल किती आहे?’ त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

म्हणून घरोघर फिरून मोजणी सुरू केली. पहिल्या संध्याकाळी मी ‘तुमच्याकडे टाकायचे काय आहे?’ असा सरळ प्रश्न विचारला आणि बहुतेकांनी थोडा विचार करून ‘तसे विशेष काही नाही’ असे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. ‘माळ्यावर, पलंगाखाली किंवा बाल्कनीत असे काय आहे, जे गेल्या तीन वर्षांत एकदाही खाली काढलेले नाही?’ असे विचारताच लोक हसायचे आणि मला आत बोलवायचे. टाकायचे आहे का, असे विचारले की माणूस वस्तूची बाजू घेतो. ती कुठे पडून आहे, असे विचारले की तो जागेची बाजू घेतो. एका आजींनी तर माळ्यावरची यादी तोंडपाठ म्हणून दाखवली आणि शेवटी म्हणाल्या, “हे सगळं मी रोज रात्री डोक्यात मोजते रे, पण उतरवायला माणूस कुठे आहे?” त्या एका वाक्याने आमच्या नियोजनात एक नवे काम आले. एकट्या राहणाऱ्या किंवा वय झालेल्या लोकांच्या घरून सामान उतरवून आणण्यासाठी सहा तरुणांचा वेगळा गट करावा लागला आणि त्यांच्या वेळा आधी ठरवून दिल्या.

मोजणीतून जे चित्र उभे राहिले त्याने मी चकित झालो. माझी समजूत होती की सर्वाधिक माल लाकडी सामानाचा असेल. आकारमानाने तो तसाच होता. नगांच्या संख्येत मात्र जुने चार्जर, वायरी, रिमोट, बंद पडलेले मोबाइल, दिवे आणि बॅटऱ्या यांनी इतर सर्वांना मागे टाकले. ज्या वस्तू जागा फारशी अडवत नाहीत त्याच घरात सर्वांत जास्त काळ राहतात आणि नेमक्या त्यांनाच सर्वांत काळजीपूर्वक हाताळावे लागते.

मोठ्या सामानासाठी गाड्यांचा हिशोब केला. ज्या ट्रकबद्दल बोलणे झाले होते त्याचा हौदा ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि कडेने १.२ मीटर उंच होता, म्हणजे ९.६ घनमीटर. कागदावर ही जागा भरपूर वाटते. तीन आसनी सोफा साधारण २ मीटर लांब, ०.९ मीटर खोल आणि ०.८५ मीटर उंच धरला तर तो एकटाच दीड घनमीटर खातो, आणि सोफ्यावर सोफा नीट बसत नसल्यामुळे मधली पोकळीही वाया जाते. त्यामुळे हौद्याचा दोन तृतीयांश भागच प्रत्यक्षात उपयोगी पडेल असे मी गृहीत धरले. कपाटांचा हिशोब मात्र आमच्या पथ्यावर पडला. १.८ मीटर उंच, ०.९ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असे दोन दारांचे कपाट उभे नेले तर ०.८१ घनमीटर जागा घेते. तेच स्क्रू काढून सुटे केले तर त्याच्या फळ्यांचा गठ्ठा ०.१ घनमीटरच्या आसपास भरतो. आदल्या वर्षी आम्ही गाडीतून प्रामुख्याने हवा वाहून नेली होती, हे तेव्हा ध्यानात आले. यंदा शनिवारची संपूर्ण दुपार आम्ही सोडवणीसाठी ठेवली आणि वसाहतीतल्या एका सुतारकाकांनी स्क्रूच्या यंत्रासह चार तास दिले. प्रत्येक कपाटाचे खण उपसून पाहायचे हा नियमही त्यांचाच. त्या खणांतून एक दस्तऐवज, तीन किल्ल्यांचे जुडगे आणि कोणाची तरी शाळेतली गुणपत्रिका निघाली.

काय घेणार नाही याची यादी करणे हे काय घेणार याच्या यादीपेक्षा अवघड गेले. गॅसची नळकांडी, दाबाखाली भरलेली अग्निशामक उपकरणे, ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि नाव-गाव नसलेली द्रवे यांना आम्ही सरळ नकार दिला. ॲस्बेस्टॉसचा अखंड पत्रा जागेवर असतो तोवर त्याचा धोका कमी असतो. तो फोडला, कापला की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत जातात आणि श्वासावाटे फुप्फुसात रुततात. हौशी स्वयंसेवकांनी हात लावावा अशी ती वस्तू नव्हे. मुदत संपलेली औषधेही आम्ही घेतली नाहीत. ती परत घेणाऱ्या औषधविक्रेत्याची माहिती तेवढी पत्रकात दिली आणि शौचालयात ओतू नयेत असे बजावले, कारण सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे औषधांतील द्रव्ये वेगळी काढण्यासाठी बांधलेली नसतात. वापरलेली हेल्मेट आणि लहान मुलांच्या मोटारीतील आसने ही मात्र लोकांच्या दृष्टीने ‘चांगली’ वस्तू होती आणि ती नाकारताना वाद झाले. हेल्मेटने एक जबर आघात सोसला असेल तर त्याच्या आतला थर दबलेला असतो आणि वरून ते दिसत नाही. असे हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ देणे म्हणजे त्याला खोटा दिलासा देणे होय, असे मी सांगत राहिलो. दोघेजण नाराज होऊन परत गेले.

पत्रक, फलक, संदेश ही कामे एका संध्याकाळी उरकली. त्यांविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. एवढेच की ‘घेणार नाही’ ही यादी मोठ्या अक्षरांत आणि ‘घेणार’ ही लहान अक्षरांत छापली, याचा पुढे फार उपयोग झाला.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी सात वाजता मैदानावर चार ताडपत्र्या अंथरल्या होत्या आणि आत येण्याचा रस्ता व बाहेर पडण्याचा रस्ता दोरी लावून वेगळे केले होते. सर्वांत महत्त्वाचा माणूस मी प्रवेशद्वाराशी उभा केला. वस्तू गाडीवरून खाली उतरवण्याआधी ती काय आहे हे विचारायचे, नोंदवही पाहायची आणि मगच ती कोणत्या ताडपत्रीकडे जाईल ते सांगायचे, एवढेच त्यांचे काम. एकदा जमिनीवर टेकलेली वस्तू परत उचलून न्यायला कोणी तयार होत नाही, हे आम्ही आदल्या वर्षी शिकलो होतो. या जागेसाठी निवृत्त मुख्याध्यापिका मिळाल्या, हे आमचे भाग्य. त्यांना ‘नाही’ म्हणताना आवाज चढवावा लागत नसे.

पहिले दोन तास फक्त वापरण्याजोग्या वस्तूंसाठी होते. ज्याला जे हवे ते त्याने न्यावे, मात्र साडेनऊनंतर उरलेले सामान मालकाने परत न्यावे किंवा भंगारात द्यावे, असा करार होता. खुर्च्या, पुस्तके, पिशव्या, दोन सायकली, एक शिलाई यंत्र झपाट्याने गेले. येथे एक कबुली द्यायला हवी. वसाहतीतून बाहेर पडण्याऐवजी बऱ्याच वस्तूंनी वसाहतीतच घर बदलले. एक उंच टेबल पंखा तिसऱ्या मजल्यावरून निघाला आणि समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर स्थिरावला. त्याचे मान हलवणे बंद असल्याचे नव्या मालकाला संध्याकाळी कळले. गाद्या आणि उशा मात्र आम्ही या ताडपत्रीवर येऊच दिल्या नाहीत. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरू शकतो, म्हणून महिनाभर माळ्यावर पडून असलेली गादी ‘स्वच्छ’ आहे असे मानता येत नाही. प्रत्येक गादी घरातच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी लावून आणायची आणि थेट ट्रकच्या रांगेत ठेवायची असा नियम होता, आणि यंदा पावसाचा प्रश्नही त्यामुळे परस्पर मिटला.

विजेच्या वस्तूंच्या ताडपत्रीवर मी स्वतः होतो. पिक्चर ट्यूबचे जुने दूरचित्रवाणी संच अकरा आले. त्यांचे बहुतेक वजन पडद्याच्या जाड काचेत असते, म्हणून ते उचलताना पडद्याची बाजू छातीकडे घ्यावी लागते. अन्यथा संच पुढे कलतो आणि माणूस त्याच्यामागे जातो. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असल्यामुळे ती फुटली तर काचा आधी आत ओढल्या जातात आणि मग चहूकडे उडतात. शिवाय तिच्या काचेत शिसे असते. उचलणाऱ्या मुलांना हे सर्व सांगितल्यावर त्यांची घाई आपोआप कमी झाली. मायक्रोवेव्ह ओव्हनचे आवरण उघडून ‘आत काय आहे’ ते पाहण्याची एका उत्साही मुलाची इच्छा मी मोडून काढली, कारण त्यातील वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

बॅटऱ्यांसाठी झाकणाच्या तीन प्लॅस्टिकच्या बरण्या आणि एक कोरड्या वाळूची बादली ठेवली होती. लिथियमच्या बॅटऱ्यांची टोके चिकटपट्टीने झाकायची, चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची तर आवर्जून, कारण तिची दोन्ही टोके शेजारीशेजारी असतात आणि बरणीतल्या एखाद्या धातूच्या तुकड्याने ती जोडली जाऊ शकतात. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या सात आल्या. त्या दाबायच्या नाहीत, टोचायच्या नाहीत आणि चार्ज करून पाहायच्या नाहीत. वाळूच्या बादलीत एकमेकींपासून अंतर ठेवून निजवायच्या. कचऱ्याच्या गाडीत सामान दाबणारे यंत्र असते आणि त्याच्याखाली अशी बॅटरी चिरडली गेली तर गाडीलाच आग लागते. बॅटरी साध्या कचऱ्यात का टाकू नये, याचे लोकांना पटणारे एवढे सोपे कारण मला दुसरे सापडले नाही. गाड्यांच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांची चिंता करावी लागली नाही. शिशाला मोल असल्यामुळे भंगारवाले त्या मागून घेतात. फक्त आडव्या पडून त्यातले आम्ल सांडणार नाही एवढे पाहायचे होते.

मोबाइल व संगणक आणणाऱ्यांना आम्ही प्रत्येकी एक कागद देत होतो: सिम काढले का, मेमरी कार्ड काढले का, आपल्या खात्यातून बाहेर पडून उपकरण मूळ स्थितीत आणले का? संगणकातली फाइल पुसली म्हणजे बहुधा तिची नोंद तेवढी पुसली जाते. मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. त्यामुळे ज्यांना खात्री नव्हती त्यांच्या हार्ड डिस्क आम्ही त्यांच्यासमोर काढून त्यांच्याच हाती दिल्या. एक बाई कागद वाचून जुना कॅमेरा घेऊन बाजूला गेल्या, कार्ड काढण्यासाठी झाकण उघडले आणि नंतर बराच वेळ आल्याच नाहीत. दुपारी त्या आल्या तेव्हा हातात कॅमेरा नव्हता. मीही विचारले नाही; नोंदवहीतली ती ओळ खोडली.

साडेदहाच्या सुमारास एक ट्यूबलाइट फुटली. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत थोडा पारा असतो; सीएफएलमध्ये साधारणपणे ५ मिलिग्रॅमच्या आत. एका फुटलेल्या दिव्याने घाबरून जाण्याचे कारण नसले तरी झाडू फिरवला की ते काचेचे पीठ आणि पारा सर्वत्र पसरतो, आणि आमच्यातल्या दोघांनी धावत जाऊन झाडूच आणला होता. त्यांना थांबवले, सर्वांना वाऱ्याच्या उलट बाजूस दूर केले, दहा मिनिटे जाऊ दिली आणि मग जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा करून झाकणाच्या बरणीत भरल्या. उरलेली भुकटी ओल्या कागदाने टिपून तो कागदही त्याच बरणीत टाकला. पाऱ्याचे काय एवढे, असे एकाने विचारले तेव्हा मी त्याला जपानमधील मिनामाता या गावाविषयी सांगितले. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा माशांवाटे माणसांत पोहोचला आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. पाऱ्याला आवर घालणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याच गावाचे नाव दिलेले आहे. आमच्या बरणीतला पारा त्या मानाने नगण्य होता. पण असे नगण्य पारे एकाच कचराभूमीत जमत जातात. त्यानंतरच्या सर्व ट्यूबलाइट मूळ खोक्यांत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवल्या.

त्या दिवशीचा खरा वाद मात्र फ्रिजवरून झाला. पाच फ्रिज आले होते. कुठूनसे दोघेजण पक्कड घेऊन हजर झाले आणि मागचा कॉम्प्रेसर व तांब्याच्या नळ्या तेवढ्या कापून नेतो, बाकी सांगाडा तुमचा, असे म्हणू लागले. आमच्यापैकी काहींना ते सोयीचे वाटले, कारण फ्रिज हलके झाले असते. मी अडून बसलो. नळी कापली की आतला थंडावा आणणारा वायू एका क्षणात हवेत जातो. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन असे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या अशा वायूंना आवरण्यासाठीच १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. त्यानंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता अडवतो. त्याहूनही अलीकडच्या फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो तर पेट घेणारा वायू आहे. मागच्या पट्टीवर हे नाव छापलेले असते. मी पाचही पट्ट्या त्या दोघांना वाचून दाखवल्या. त्यांच्यावर माझ्या रसायनशास्त्राचा परिणाम झाला असे मला वाटत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे “हे फ्रिज वहीत लिहिलेले आहेत” असे सांगितल्यावर मात्र ते निघून गेले. वहीचा असाही उपयोग असतो. फ्रिज केंद्राची गाडी येईपर्यंत उभे ठेवले आणि प्रत्येकाचे दार दोरीने करकचून बांधले. मैदानावर लहान मुले खेळत होती. जुन्या फ्रिजच्या दारांना बाहेरून अडकणारी कडी असे आणि लपलेले मूल आतून दार उघडू शकत नसे, असे अपघात जगात अनेक ठिकाणी घडलेले आहेत.

भंगार वेचून पोट भरणारी काही माणसे सकाळपासून दोरीच्या पलीकडे उभी होती. आदल्या वर्षी त्यांना हुसकावले होते आणि त्याची मला नंतर लाज वाटली. यंदा आम्ही त्यांच्याशी आधीच बोललो होतो. लोखंडी पलंग, पत्र्याचे डबे, पडद्यांचे दांडे हे धातूचे सामान त्यांनी आणि ओळखीच्या भंगारवाल्यांनी मिळून न्यायचे, बॅटऱ्या आणि उपकरणांना हात लावायचा नाही, असे ठरले. त्यांच्या इतके झटपट आणि नेमके वर्गीकरण आमच्यापैकी कोणालाही जमले नाही. कोणता तुकडा पितळेचा आणि कोणता नुसता मुलाम्याचा, हे त्यांना हातात घेताच कळत होते. हातमोजे आम्ही त्यांनाही दिले. तरीही एका स्वयंसेवकाच्या पायात फळीचा खिळा घुसला आणि त्याला धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला पाठवावे लागले. त्याने चपला घातल्या होत्या आणि बूट घालून या, असे सांगायला मी विसरलो होतो. ही चूक माझी.

रंगाचे डबे चाळीसच्या वर आले. पाण्यात मिसळणारे जे रंग अजून पातळ होते त्यांतले फिकट रंग एकत्र करून मैदानाच्या कुंपणाला द्यायचे ठरले, आणि कुंपण आज ज्या अवर्णनीय रंगाचे आहे त्याचे मूळ तिथे आहे. तेलाचे रंग आणि थिनर घट्ट झाकण लावून घातक कचऱ्याच्या खोक्यात गेले. येथे नियम असा, की कोणतेही द्रव मूळ डब्यातच राहू द्यायचे आणि दोन उरलेली द्रवे कधीही एका डब्यात ओतायची नाहीत. घरातल्या साध्या ब्लीचमध्ये आम्लयुक्त फरशी क्लीनर पडला तर क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनिया पडला तर क्लोरामाइन. दोन्ही छातीत जाणारे विष.

दीड वाजता ट्रकची दुसरी खेप गेली आणि ताडपत्र्या रिकाम्या झाल्या. ई-कचऱ्याच्या केंद्राने वजनाची पावती दिली, ती वहीत चिकटवली. मोजणीच्या वेळी नोंदवलेल्या वस्तूंपैकी काही आल्याच नाहीत, नोंद नसलेल्या काही आल्या. पण तीन वाजता मैदानावर पडलेले काही उरले नव्हते. आम्ही ताडपत्र्या धुवायला घेतल्या, तेवढ्यात एक वृद्ध काका हळूहळू चालत आले. त्यांच्या हातात जाड तपकिरी काचेची बाटली होती. तिच्यावरचा कागद केव्हाच गळून गेला होता, झाकण गंजले होते आणि आत तळाशी काहीतरी द्रव हलत होते. ते कशाचे आहे हे काकांना आठवत नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाने कधीतरी आणले होते, एवढेच ते सांगू शकले. नियमाप्रमाणे बाटली परत न्यायला सांगायला हवी होती. प्रवेशद्वाराशी आता कोणी नव्हते, आणि ते काका ती घरी नेऊन मोरीत ओततील, हे मला दिसत होते. मी ती घेतली.

पुढचे तेवीस दिवस ती बाटली माझ्या गच्चीवरच्या कुलूपबंद खोलीत, सावलीत, वाळू भरलेल्या बादलीत उभी होती. झाकण उघडून वास घेण्याचा मोह मी आवरला. वहीतली ती नोंद शेवटची होती: ‘अज्ञात द्रव, सुमारे अर्धा लिटर, एक नग’. तिच्या चौथ्या रकान्यात काही लिहिलेले नव्हते आणि वही मिटवता येत नव्हती. घातक कचऱ्याच्या केंद्राचा दिवस आला तेव्हा रंग, थिनर, बरणी आणि खोक्यातल्या ट्यूबलाइट यांच्याबरोबर मी ती बादलीसकट नेली. तिथल्या तंत्रज्ञाने बाटलीची काच उजेडासमोर धरली, काही न बोलता तिला एक क्रमांक दिला आणि वेगळ्या कपाटात ठेवली. तो क्रमांक मी गाडीत बसल्या बसल्या वहीत उतरवून घेतला.